अँगेला मर्केल: रेणूंच्या हिशेबातून सरकारच्या हिशेबात

स्प्रेकाठची

"राजकारणात शिकली-सवरलेली माणसं यायला हवीत" असा धागा इथे वर्षातून दोन-तीनदा तरी निघतो. पहिल्या पानावर कलामांचा फोटो येतो, दुसऱ्यावर कुणीतरी "ते शास्त्रज्ञ कुठले, इंजिनिअर" म्हणतं आणि तिसऱ्यावर संपादकांना कुलूप लावावं लागतं. कलामांबद्दल मलाही आदर आहे. पण राष्ट्रपतीला ना बजेट मांडावं लागतं, ना युतीतल्या रुसलेल्यांची समजूत काढावी लागते. शास्त्रज्ञाच्या डोक्याचं सत्तेत काय होतं हे बघायचं तर रोजचा गाडा ओढलेलं माणूस घ्यायला हवं. अँगेला मर्केल २२ नोव्हेंबर २००५ ते ८ डिसेंबर २०२१ जर्मनीच्या चॅन्सेलर होत्या. त्याआधी त्या भौतिकशास्त्रज्ञ होत्या, आणि नावापुरत्या नव्हेत.

मी बर्लिनच्या आग्नेय टोकाला, आडलर्सहोफला नोकरी करते. आज इथे हुम्बोल्ट विद्यापीठाचे विज्ञान विभाग आहेत, बेसी-२ हे सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून प्रखर किरण काढणारं यंत्र) आहे, ट्राममधून लॅपटॉपच्या पिशव्या सावरत पोरं उतरत असतात. १९७८ साली मर्केल इथे कामाला लागल्या तेव्हा पूर्व जर्मनीच्या विज्ञान अकादमीच्या बराकी होत्या आणि शेजारी श्टाझीच्या, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांच्या, रेजिमेंटची छावणी.

पण सुरुवातीपासून सांगते. जन्म १७ जुलै १९५४, हाम्बुर्गमध्ये, म्हणजे पश्चिम जर्मनीत. वडील होर्स्ट कास्नर पाद्री. लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे पळत होते त्या काळात हे गृहस्थ काही आठवड्यांच्या लेकीला घेऊन चर्चच्या कामासाठी उलटे पूर्वेला गेले! पुढे टेम्पलिन या छोट्या गावी स्थिरावले. आई हेर्लिंड लॅटिन आणि इंग्रजीची शिक्षिका, पण पाद्र्याच्या बायकोला सरकारी शाळेत नोकरी मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे घरात पुस्तकं, चर्चा, पश्चिमेतल्या नातेवाइकांची पार्सलं, आणि उंबऱ्याबाहेर पडलं की तोंडाला कुलूप. १३ ऑगस्ट १९६१ ला बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. रविवार होता, चर्चमध्ये मोठी माणसं रडत होती, ही आठवण त्यांनी नंतर अनेकदा सांगितली आहे.

शाळेत हुशार. रशियन भाषेची ऑलिम्पियाड जिंकून मॉस्कोला जाऊन आल्या. पोहण्याच्या तासाचा एक किस्सा जर्मनीत सगळ्यांना पाठ आहे: तीन मीटरच्या फळीवर चढून ही मुलगी जवळजवळ तासभर उभी. उडी मारेना आणि खालीही उतरेना. शेवटी तास संपल्याची घंटा झाली तेव्हा उडी मारली. पुढे टीकाकारांनी आणि चाहत्यांनी, दोघांनीही हा किस्सा आपापल्या सोयीने वापरला.

आता भौतिकशास्त्रच का? त्यांचं स्वतःचं उत्तर असं, की पूर्व जर्मन सरकार पुष्कळ काही रद्द करू शकत होतं, पण बेरीज-वजाबाकी आणि निसर्गाचे नियम त्याला रद्द करता येत नव्हते. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, कुठेही गेलं तरी पक्षाची पोथी वाचावी लागणार. समीकरणात ती घुसवता येत नाही. आपल्याकडे मुलं मार्क चांगले पडले म्हणून सायन्सला जातात. इथे एक मुलगी खोटं कमी बोलावं लागेल म्हणून सायन्सला गेली.

१९७३ ते ७८ लाइपझिग विद्यापीठ. तिथे विद्यार्थ्यांनी जुन्या तटबंदीतलं तळघर उपसून क्लब उभा केला, त्या मातीकामात याही होत्या. डान्सपार्टीत बार सांभाळायच्या. १९७७ मध्ये उलरिश मर्केल या सहाध्यायाशी लग्न झालं, १९८२ मध्ये घटस्फोट झाला. आडनाव मात्र ठेवलं. घर सोडताना फर्निचर नवऱ्याला आणि वॉशिंग मशीन बाईंना अशी वाटणी झाली म्हणतात. (त्या काळच्या पूर्व जर्मनीत वॉशिंग मशीन म्हणजे काय चीज होती हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल की हिशेबाला बाई तेव्हाही पक्क्या होत्या.)

शिक्षण संपल्यावर इल्मेनाऊच्या तंत्रविद्यापीठात नोकरीसाठी गेल्या तर तिथे श्टाझीची माणसं बसलेली, सहकाऱ्यांच्या खबरा देशील का विचारायला. यांनी सांगितलं, माझ्या पोटात काही राहत नाही, मी सगळ्यांना सांगत सुटेन. हे उत्तर घरी आधीच ठरवून ठेवलेलं होतं. नोकरी गेली, पण सही करावी लागली नाही. मग आडलर्सहोफ. भौतिक-रसायन संस्थेच्या सैद्धांतिक विभागात एकट्या बाई. १९८६ मध्ये डॉक्टरेट. विषय: रेणूतला एक बंध तुटून जे विघटन होतं त्याची यंत्रणा काय आणि ते किती वेगाने होईल, हे क्वांटम रसायन आणि सांख्यिकी वापरून काढणं. त्यासोबत मार्क्सवाद-लेनिनवादावर एक निबंध सक्तीचा असे. प्रबंधाला उत्तम शेरा मिळाला, निबंधात कसाबसा पास! शेतकऱ्यांबद्दल जास्त आणि कामगारवर्गाबद्दल कमी लिहिलं म्हणे.

९ नोव्हेंबर १९८९, गुरुवार. भिंत उघडणार अशी बातमी टीव्हीवर आली. मर्केलबाईंनी आईला फोन केला. भिंत पडली की पश्चिम बर्लिनच्या केम्पिन्स्की हॉटेलात जाऊन ऑयस्टर खायचे, असा घरातला जुना विनोद होता, त्याची आठवण करून दिली. आणि मग दर गुरुवारसारख्या मैत्रिणीबरोबर सौनाला गेल्या! बाहेर आल्यावर गर्दी दिसली, तिच्यामागे बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या पुलावरून पलीकडे गेल्या, कुणा अनोळखी माणसाच्या घरी बिअर घेतली आणि लवकर परतल्या. सकाळी कामावर जायचं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. 'डेमोक्राटिशर आउफब्रुख' नावाच्या नवख्या पक्षाच्या कचेरीत गेल्या. पश्चिमेतून आलेले कॉम्प्युटर खोक्यांत पडून होते, ते जोडून द्यायचं काम यांच्याकडे आलं. मग प्रसिद्धीचं काम. मार्च १९९० च्या निवडणुकीच्या तोंडावर पक्षाचा नेताच श्टाझीचा खबऱ्या निघाला, पक्षाला एक टक्कासुद्धा मतं मिळाली नाहीत, आणि तरी बाई नव्या सरकारच्या उपप्रवक्त्या झाल्या. ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाले, डिसेंबरात त्या खासदार, जानेवारी १९९१ मध्ये चॅन्सेलर हेल्मुट कोलच्या मंत्रिमंडळात मंत्री. सव्वा वर्षापूर्वी बराकीत बसून रेणूंचे हिशेब करणारी बाई!

माझं म्हणणं एवढंच, की विज्ञानाने त्यांना "सत्य बोलणारी निर्भीड नेता" वगैरे बनवलं नाही. हुकूमशाहीत शिकलेल्या विज्ञानाने त्यांना सावध बनवलं. कमी बोलायचं, आकडे हाती येईपर्यंत थांबायचं, शेवटून सुरुवातीकडे विचार करायचा. त्यांचं यश आणि अपयश दोन्ही इथूनच आलंय. बोला आता.

चहाबाज

मस्त लेख. वॉशिंग मशीनला दंडवत. नवरा (दुसरा) काय करायचा ते लिहिलं नाहीत ताई.

स्प्रेकाठची

@चहाबाज, योआखिम झाउअर. क्वांटम रसायनशास्त्रज्ञ, हुम्बोल्टमध्ये प्राध्यापक, उत्प्रेरकांवरचं त्यांचं काम मोठं आहे. मर्केलबाईंच्या प्रबंधात आभार मानलेल्यांत त्यांचं नाव आहे, लग्न मात्र १९९८ मध्ये. २००५ साली बायकोचा शपथविधी त्यांनी सभागृहात न जाता टीव्हीवर पाहिला. मुलाखती देत नाहीत. देतात त्या रसायनशास्त्रावर.

खडूस

लेख छान पण नेहमीप्रमाणे आरती. शास्त्रज्ञ म्हणून बाईंनी केलं काय? पूर्व जर्मनीच्या अकादमीत डॉक्टरेट म्हणजे सरकारी कचेरीतला टेबलावरचा पंखा. फिरतो, हवा लागत नाही. नोबेल सोडा, एखादा नाव घेण्यासारखा शोध?

भौतिकवादी

@खडूस, मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो म्हणून मध्ये बोलतो. नाव घेण्यासारखा शोध नाही, हे बरोबर. पण टेबलफॅनही नाही. १९८८ च्या एका पेपरमध्ये मिथाइल फ्लोराइडवर हायड्राइड आयन येऊन आपटला की मिथेन आणि फ्लोराइड तयार होतात, या अभिक्रियेचा दर गणिताने काढलाय. प्राग इथल्या झाह्रादनिक यांच्या गटाबरोबर केलेलं काम आहे, आणि छापलंय ते अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलने. त्या जर्नलात छापून येणं म्हणजे खाऊ नव्हे, तेव्हाही आणि आताही.

आता यातली गंमत बघा. असा दर काढताना सगळा खेळ असतो मधल्या ऊर्जेच्या अडथळ्याच्या उंचीचा. आणि दर त्या उंचीवर घातांकी पद्धतीने अवलंबून. नेहमीच्या तापमानाला उंचीत मोलमागे सहा किलोज्यूलच्या आसपास चूक झाली की उत्तर दहापट चुकतं. ज्याने वर्षानुवर्षं हे केलंय त्याच्या हाडात एक गोष्ट मुरते: सुरुवातीला फरक एवढासा दिसतो म्हणून सोडून द्यायचा नाही.

१५ एप्रिल २०२० ची पत्रकार परिषद आठवा. करोना, 'आर'चा आकडा. बाईंनी कागदावर न बघता सांगितलं: एका रुग्णापासून सरासरी १.१ लोकांना लागण झाली तर ऑक्टोबरमध्ये आपल्या आरोग्यव्यवस्थेची क्षमता संपते, १.२ झाली तर जुलैत, १.३ झाली तर जूनमध्येच. तेवढ्यात मी लेक्चर संपवलं असतं. जगातल्या बाकीच्या नेत्यांची त्या महिन्यातली भाषणं काढून बघा, मग पंखा कोण ते ठरवू.

सातारी कंदी

+१ भौतिकवादी सर. तो व्हिडिओ तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला होता. शेजारच्याच महिन्यात आपण थाळ्या वाजवत होतो. (हलके घ्या.)

उगाच

थाळ्यांवर धागा नेऊ नका रे, बाई गुणी आहेत, राहू द्या त्यांना.

खडूस

चला, 'आर' समजावला, टाळ्या. पण मग दुसऱ्या लाटेत जर्मनी का झोपली? २०२०-२१ च्या हिवाळ्यात तिथे काय झालं ते ताई सांगतीलच. समजावणं आणि करून घेणं यात फरक असतो, आणि राजकारण दुसऱ्याला म्हणतात.

स्प्रेकाठची

@खडूस, हा मुद्दा खरा आहे, आणि मला वाटतं पूर्ण धाग्यातला हाच महत्त्वाचा.

सप्टेंबर २०२० च्या अखेरीस मर्केलबाईंनी पक्षाच्या बैठकीत हिशेब मांडला. उन्हाळ्यात रोजचे रुग्ण ३०० होते, आता २,४०० आहेत. म्हणजे तीन महिन्यांत तीनदा दुप्पट. असंच चालू राहिलं तर आणखी तीनदा दुप्पट, ४,८००, ९,६००, १९,२००. नाताळापर्यंत रोज १९,२०० रुग्ण. इथे टीव्हीवर बसून लोकांनी थट्टा केली, भीती घालतात म्हणाले. ऑफिसात माझा एक सहकारी "चॅन्सेलरची गुंतवणूक योजना" म्हणून तो आकडा फळ्यावर लिहून गेला होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आकडा वीस हजारांच्या वर गेला. नाताळ सोडाच.

पण जर्मनीत आरोग्याचे नियम राज्यांच्या हातात. ऑक्टोबरच्या मध्यावर १६ राज्यांच्या मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, बाईंना कडक निर्बंध हवे होते, मुख्यमंत्री तयार होईनात. मग दोन आठवड्यांनी आपण पुन्हा इथेच बसलेले असू, असं त्या बैठकीत म्हणाल्या. आणि बरोबर दोन आठवड्यांनी बसले. तोवर व्हायचं ते झालं होतं. गणित बरोबर येणं आणि सोळा जणांच्या गळी उतरणं या वेगळ्या परीक्षा आहेत, दुसरीत त्या त्यावेळी नापास झाल्या असं मी म्हणेन. मार्च २०२१ मध्ये ईस्टरच्या सुट्टीचा कडक बंद रात्री जाहीर करून दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला, तेव्हा मात्र दोष सगळा माझा आहे, असं त्यांनी संसदेत उभं राहून सांगितलं.

अजून एक. ९ डिसेंबर २०२० ला संसदेत बोलत होत्या, एका दिवसात ५९० मृत्यू झाले होते. समोरून उजव्या पक्षाचे लोक ओरडत होते. एरवी ही बाई भाषण वाचते तशी की पंखाही झोपेल (खडूस, तुमचाच पंखा). त्या दिवशी आवाज चढला, हात जोडून विनवण्या केल्या, आणि तेच जुनं सांगितलं: मी पूर्व जर्मनीत भौतिकशास्त्र घेतलं, कारण खूप काही मोडीत काढता येतं पण गुरुत्वाकर्षण नाही, प्रकाशाचा वेग नाही. मी तेव्हा घरीच होते, लाइव्ह बघत होते. सोळा वर्षांत तेवढं एक भाषण मला पूर्ण आठवतं.

राजापूरची गंगा

नमस्कार. बरेच दिवसांनी लिहितेय. तुम्ही अणुऊर्जेवर आलाच नाहीत, म्हणून आमच्या बाजूचं सांगते.

२०११ साली आमच्याकडे जैतापूरचं आंदोलन पेटलं होतं. फ्रान्सच्या अरेवा कंपनीच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण खात्याने मंजुरी दिलेली. मार्चमध्ये जपानात फुकुशिमाच्या अणुभट्टीचा अपघात झाला, एप्रिलमध्ये नाट्याला गोळीबार झाला, एक जण गेला. माझं माहेर तिथून जवळ. त्या दिवसांत साखरीनाट्यातल्या कोळणींच्या तोंडी जर्मनीचं नाव होतं. "ती बाय शास्त्रज्ञ हा ना, ती बंद करता, आन हे आमच्यार कित्याक घालतत?" हे मी कानाने ऐकलंय.

तेव्हा मला विचारायचंय, शास्त्रज्ञ म्हणून मर्केलबाईंनी अणुभट्ट्या बंद केल्या, की मतांसाठी? कारण आम्ही दहा ठिकाणी त्यांचं उदाहरण दिलंय.

भौतिकवादी

गंगाताई, भावना समजतात, पण मी उलट्या बाजूचा. फुकुशिमाने भौतिकशास्त्रात काय बदललं? काहीही नाही. २०१० च्या शरदात याच बाईंनी भट्ट्यांचं आयुष्य सरासरी १२ वर्षं वाढवलं होतं. ११ मार्चला जपानात त्सुनामी, तीन दिवसांत जर्मनीत स्थगिती, जुन्या भट्ट्या बंद, जूनअखेरीस २०२२ पर्यंत सगळ्या बंद करायचा कायदा मंजूर. जिच्या काठी भट्ट्या होत्या त्या नेकार नदीला त्सुनामी येते काय? दोन आठवड्यांवर बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याची निवडणूक होती. तीही हरलेच, हरित पक्षाचा मुख्यमंत्री झाला. मग कोळसा जाळत बसले. कार्बनच्या दृष्टीने हा निर्णय मला आजही पटत नाही.

स्प्रेकाठची

@गंगाताई, @भौतिकवादी, दोघांना एकत्र उत्तर देते.

निवडणुकीचा वास होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण ९ जून २०११ चं संसदेतलं त्यांचं निवेदन बघा. त्या म्हणाल्या, उरलेली जोखीम मी मान्य करत होते, कारण उच्च तंत्रज्ञानाच्या देशात माणसाच्या हिशेबाने ती प्रत्यक्षात येणार नाही अशी माझी खात्री होती. आता ती आली. जपानसारख्या काटेकोर देशात शक्यतांचे अंदाज चुकू शकतात, तर माझ्या गृहीतकाचाच पाया हलला. भट्टीचं भौतिकशास्त्र बदललं नाही हे सर म्हणतात ते बरोबर. बदललं ते भट्टी चालवणाऱ्या माणसांबद्दलचं गृहीतक. हा युक्तिवाद पटो न पटो, पण तो शास्त्रज्ञाचा युक्तिवाद आहे. शिवाय १९९४ ते ९८ त्याच खात्याच्या मंत्री होत्या, पर्यावरण आणि अणुसुरक्षा, त्यामुळे विषय नवा नव्हता.

माझं मत: पहिल्या तीन दिवसांचा निर्णय राजकारण्याचा, जूनपर्यंतचं समर्थन शास्त्रज्ञाचं. शेवटच्या तीन भट्ट्या युक्रेन युद्धामुळे थोड्या लांबून १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. आणि कोळशाबद्दल सरांशी सहमत, आधी कोळसा मग अणू असा क्रम हवा होता.

जाता जाता, अणुभट्ट्या बंद करायचं सरकारने जाहीर केलं आणि लगेच बाई दिल्लीला निघाल्या. नवंकोरं विमान, इराणने हवाई हद्दीतून जाऊ द्यायला खळखळ केली, तुर्कस्तानावर तास-दोन तास घिरट्या घालत बसले.

राजापूरची गंगा

समाधान झालं नाही, पण उत्तर प्रामाणिक आहे. जैतापूरला भट्टी अजून उभी राहिली नाही एवढं सांगते आणि गप्प बसते.

म्युनिकचा मामा

उशिरा येतोय. रेणू, भट्ट्या ठीक, पण २०१५ कुठंय? आम्ही सप्टेंबर २०१५ मध्ये म्युनिक स्टेशनवर होतो. हंगेरीहून निर्वासितांच्या गाड्या येत होत्या, फलाटावर लोक टाळ्या वाजवत होते, एका बाजूला टेडी बेअर आणि डायपरचे ढीग, इतके की पोलिसांनी सांगितलं आता आणू नका. माझ्या बायकोने पोळ्यांचे डबे नेले होते. कुणी खाल्ल्या नाहीत, ब्रेड संपवला, ते सोडा.

त्या वर्षी साधारण ८ लाख ९० हजार लोक आश्रयासाठी आले. ३१ ऑगस्टला बाई म्हणाल्या हे आपण निभावून नेऊ, ४ सप्टेंबरच्या रात्री सीमा उघडी ठेवायचा निर्णय. ताई, हा कुठल्या आकडेमोडीतून आला? इथे तुमची "आकडे येईपर्यंत थांबणारी" बाई कुठे गेली? इथे मला पाद्र्याची मुलगी दिसली.

आणि पुढचंही सांगायला हवं. नववर्षाच्या रात्री कोलोनला मुख्यतः बाहेरून आलेल्या पुरुषांनी बायकांवर हल्ले केले, त्यानंतर हवा फिरली. ट्रेनमध्ये माझ्याकडे बघायची लोकांची नजर बदलली, मी पुण्याचा की दमास्कसचा हे कुणाला कळणार? २०१७ मध्ये एएफडी हा कडवा उजवा पक्ष १२.६ टक्के मतं घेऊन संसदेत.

सातारी कंदी

मामा, पोळ्या नेल्या हे वाचून मन भरून आलं. काकूंना नमस्कार.

स्प्रेकाठची

@मामा, टेम्पलिनला त्यांचं घर चर्चच्या आवारात होतं, तिथेच मतिमंद मुलामाणसांचं वसतिगृह होतं, त्यांच्यात त्या वाढल्या. त्यामुळे पाद्र्याची मुलगी हे तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. आणि भिंतीमागे अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई कुंपण घालायला धजली नाही, हेही त्यात असेल. त्या रात्री थांबून आकडे मिळणार नव्हते, लोक हमरस्त्यावरून चालत निघाले होते. माझ्या सिद्धांतात हे बसत नाही. नसू दे. माणूस आख्खा एका सिद्धांतात बसला तर मला त्या सिद्धांताचीच भीती वाटेल.

खडूस

आता माझा शेवटचा. रशियाचा गॅस. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळला, त्यानंतर नॉर्ड स्ट्रीम-२ या रशिया ते जर्मनी गॅस पाइपलाइनचा करार. २०२१ पर्यंत जर्मनीचा निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा. बाईंना रशियन येतं, पुतीनला जर्मन येतं, २००७ मध्ये सोचीला त्याने कुत्रा आणून सोडला बाईंच्या अंगावर, कारण बाई कुत्र्याला घाबरतात हे त्याला माहीत. एवढं ओळखून असताना? हा कुठला डेटा?

स्प्रेकाठची

@खडूस, इथे मी त्यांची बाजू घेणार नाही.

अंगावर सोडला नाही, खोलीत आणला, पण अर्थ तोच. त्यानंतर जवळच्या पत्रकारांना त्या म्हणाल्याचं छापून आलं, की हे त्याला करावं लागतं, स्वतःचा कमकुवतपणा झाकायला. म्हणजे माणूस वाचला होता पुरेपूर.

तरीही चुकलं. मला जे दिसतं ते असं: सोव्हिएत काळापासून गॅस एकदाही थांबला नव्हता जर्मनीचा. शीतयुद्ध ऐन भरात असतानाही नळ चालू. चाळीस वर्षांचे बिंदू एका रेषेवर, मग रेघ पुढे ओढायची. प्रयोगशाळेत हे चालतं, कारण रेणूला तुमचा आलेख माहीत नसतो. समोरच्या माणसाला माहीत होता. नॉर्ड स्ट्रीम-२ हा खासगी कंपन्यांचा व्यवहार आहे असं त्या वर्षानुवर्षं म्हणत राहिल्या, पोलंड आणि बाल्टिक देश ओरडत होते त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. पोलंड काही आकडे देत नव्हता, अनुभव सांगत होता. आणि अनुभव यांचाही तोच होता की, भिंतीच्या त्याच बाजूचा! हे मला आजवर उलगडलेलं नाही. २०२२ मध्ये निवृत्तीनंतरच्या पहिल्या मोठ्या मुलाखतीत माफी मागणार नाही म्हणाल्या, प्रयत्न फसला म्हणून तो करणं चूक ठरत नाही असा सूर होता. मुत्सद्देगिरीबद्दल ते चालेल. पाइपलाइनबद्दल नाही.

खडूस

घ्या, ताई माझ्याहून खडूस निघाल्या. सहमत. आरती म्हणालो ते परत घेत नाही, प्रसाद मात्र चांगला होता.

उगाच

थॅचरबाई पण केमिस्ट होत्या ना? आइस्क्रीमचा शोध वगैरे?

भौतिकवादी

@उगाच, ऑक्सफर्डला रसायनशास्त्र, तेही डोरोथी हॉजकिन यांच्या हाताखाली, नोबेलवाल्या. नंतर प्लास्टिकच्या आणि खाद्यपदार्थांच्या कंपनीत थोडी वर्षं. सॉफ्ट आइस्क्रीमचा शोध ही दंतकथा, ते आधीपासून होतं. थॅचरबाईंनी १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांत हवामानबदलावर केलेलं भाषण मात्र केमिस्टचं वाटतं. मेक्सिकोच्या क्लाउदिया शेनबाउम पण बघा, भौतिकशास्त्र, मग ऊर्जा अभियांत्रिकीत डॉक्टरेट, १ ऑक्टोबर २०२४ पासून राष्ट्राध्यक्ष. त्यांच्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी येतो.

जाता जाता, हवामानावरून: १९९५ मध्ये बर्लिनला पहिली हवामान परिषद झाली तिच्या अध्यक्ष मर्केलच होत्या. कार्बन वगैरे वायू कमी सोडायच्या क्योटो कराराची वाट तिथून निघाली. यजमान मंत्री नवखी, दीडशेवर देशांची भांडणं. तेव्हा विकसित आणि विकसनशील देशांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा आणि तुम्ही ये-जा करा, हा सल्ला त्यांना भारताच्या बाजूने मिळाला, असं त्यांनीच सांगितलंय. लग्नातले मानपान सांभाळायची आपली पद्धत कामी आली!

चहाबाज

बाई स्वयंपाक करायच्या म्हणे?

स्प्रेकाठची

@चहाबाज, बटाट्याचं सूप. २०१३ च्या निवडणुकीआधी एका मुलाखतीत सांगितलं की बटाटे मिक्सरला न लावता हाताच्या मॅशरने ठेचते, म्हणजे थोडे गोळे राहतात. त्यावर इथे आठवडाभर चर्चा झाली, मिक्सरवाले आणि मॅशरवाले असे दोन तट पडले. चॅन्सेलर असतानाही बर्लिनच्या साध्या सुपरमार्केटात स्वतः ट्रॉली ढकलत जायच्या, मागे दोन अंगरक्षक.

सातारी कंदी

सर, तुम्ही म्हणालात तो १९८८ चा पेपर कुठे मिळेल? मुलगी एम.एस्सी. केमिस्ट्रीला आहे, तिला दाखवायचाय.

भौतिकवादी

@सातारी कंदी, जर्नल ऑफ द अमेरिकन केमिकल सोसायटी, १९८८ चा खंड, म्हणजे ११० वा. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून ऑनलाइन निघेल, कॉलेजकडे वर्गणी असली तर घरूनही. लेखकांत पहिलंच नाव ए. मर्केल, मग हावलास, मग झाह्रादनिक. छोटा आहे, पण तिला आधी संक्रमण अवस्थेचा सिद्धांत उजळून घ्यायला सांगा, नाहीतर दुसऱ्या पानावर अडकेल.